आधी जीभ बघा

‘डॉक्टर, सासूबाई आमटीत वरून मीठ घालतात. सांगून ऐकत नाहीत,’ सुनेची तक्रार. साठीतल्या सासूबाई आधी गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘तोंडाला चवच नाही हो. काहीही खाल्लं तरी भुसा चावल्यासारखं लागतं.’ रक्तदाब बराच वाढलेला. आधी एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथून दोन महिने पित्ताची गोळी सुरू होती.

जीभ बघितली. लालभडक आणि गुळगुळीत. मधुमेहासाठी दहा वर्षं मेटफॉर्मिन, आहार शाकाहारी, दूध फक्त चहापुरतं. तपासणीत बी १२ जीवनसत्त्व फारच कमी निघालं. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास काहींच्या शरीरात ते कमी शोषलं जातं. गंमत म्हणजे, पित्ताच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तरी तेच होतं. इंजेक्शनं सुरू केल्यावर चव हळूहळू परतली, मिठाचा डबाही ताटापासून लांब गेला.

‘तोंडाला चव नाही’ हे वाक्य बाह्यरुग्ण विभागात रोज कानावर पडतं आणि आम्ही डॉक्टर ते रोज सोडून देतो. गर्दीत मीही सोडलं आहे. पण पित्त हे त्याचं एकमेव कारण नाही, बऱ्याचदा तर ते कारणच नसतं.

पहिला संशय नाकावर घ्यावा. नाक दाबून वेलची घातलेला शिरा खाऊन बघा. गोडी कळेल, वेलची कळणार नाही. ज्याला आपण चव म्हणतो, त्यातला मोठा वाटा वासाचा असतो. सर्दी, सायनस, नाकातले कोंब यांत तो जातो. करोनात अनेकांनी हे अनुभवलं.

दुसरा संशय औषधांवर. जुलाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलने तोंडात धातूसारखी चव येते. रक्तदाबाच्या आणि थायरॉईडच्या काही गोळ्या, काही अँटिबायोटिक्स यांनीही चव बिघडते. दम्याचा पंप घेतल्यावर चूळ भरली नाही तर तोंडात बुरशी वाढते. हे लिहून देतानाच सांगायला आम्हाला अर्धं मिनिटही लागत नाही. न सांगितल्यामुळे रुग्ण घाबरून गोळीच बंद करतो, आणि साखर वाढवून महिन्याने परत येतो.

हिरड्यांचे आजार, मिश्री, तंबाखू, झिंकची कमतरता हीही कारणं आहेतच. मूत्रपिंडं निकामी होऊ लागली की अन्न नकोसं होतं, तोंडाला धातूची चव येते. सोबत पायांवर सूज असेल तर क्रिएटिनिन तपासून घ्यावं. एका बाजूचा चेहरा वाकडा झाला असेल तर मात्र थांबू नये, त्याच क्षणी रुग्णालय गाठावं. चेहऱ्याच्या नसेला सूज आल्यानेही असं होतं आणि जिभेची चव जाते, पण तो पक्षाघात नाही ना, हे घरी ठरवता येत नाही.

दोन-तीन आठवड्यांत चव परतली नाही तर दाखवायला या. येताना सुरू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, काढे आणि चूर्णंसुद्धा. संशय आला म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. आणि डॉक्टरांनी जीभ बघितली नाही, तर आपणहून दाखवा.