तू तिथे काम केलं होतंस ना?

कोजागिरीला क्लबहाउसच्या गच्चीवर मसाला दुधाचा पेला घेऊन उभा होतो. आमच्या मराठी मंडळातल्या एका ज्येष्ठांनी चौकशी केली, "काय, पीआरचं कुठवर आलं?" मी म्हटलं, कॅनडाकडून कायम वास्तव्याच्या अर्जाचं निमंत्रण आलंय, पण आधीच्या कंपनीकडून अनुभवाचं पत्र मिळत नाही, आणि हातात साठच दिवस आहेत. ते म्हणाले, "अरे, पण मालकाशी वाकडं घ्यायचंच कशाला? पाण्यात राहून माशाशी वैर करू नये." भोवतालच्या चार-पाच जणांनी मान डोलावली. त्यात एक मान अशी होती, की ती हललेली पाहून मला दूध पुढे प्यावेना. त्या मानेबद्दल पुढे लिहितो.

माझी नऊ वर्षांची मुलगी हे सगळं ऐकत होती. परतताना बेंगळुरूच्या कुंदलहळ्ळीजवळ गाडी गर्दीत अडकली, तेव्हा मागच्या सीटवरून तिनं विचारलं, "बाबा, पण तू तिथे खरंच काम केलं होतंस ना?"

जून 2016 ते ऑगस्ट 2021. पाच वर्षं आणि दोन महिने. आउटर रिंग रोडवरच्या एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर. ती बालवाडीत जाऊ लागली तेव्हा मी तिथे होतो, आणि तिचा बारशाचा फोटो माझ्या तिथल्या टेबलावर होता. तरी तिला हा प्रश्न पडला. पडणारच. घरात महिनाभर ती एवढंच ऐकते आहे, की बाबाकडे पुरावा नाही.

कंपनीशी भांडण काय होतं ते सांगतो, कारण मंडळात त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या फिरत आहेत. मी रीतसर राजीनामा दिला होता. नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा. त्याच काळात साताऱ्याला आप्पांची, माझ्या वडिलांची, बायपास ठरली. मी रजा घेतली. कंपनी म्हणाली, नोटिशीत घेतलेली रजा धरणार नाही, तारीख पुढे जाईल. नवी नोकरी थांबायला तयार नव्हती. बासष्टाव्या दिवशी मी लॅपटॉप जमा केला आणि बाहेर पडलो. एचआरच्या नोंदीत माझ्या नावापुढे 'अबस्कॉन्डिंग' लागलं. फरार. ज्या माणसानं लॅपटॉप, चार्जर आणि ओळखपत्र सही घेऊन परत केलं, तो फरार! पुढे वकिलाची नोटीस आली आणि मी उरलेल्या अठ्ठावीस दिवसांचे पैसे भरले. पावती मिळाली. पत्र मिळालं नाही.

पैशांबद्दल माझी तक्रार नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. करार केला असेल तर देणं द्यावं, हे मला मान्य आहे. पण देणं फेडल्यावरही माझ्या पाच वर्षांच्या कामाचा दाखला अडकवून ठेवायचा, हा कुठला करार?

ज्यांनी असा अर्ज केला आहे त्यांना ठाऊक आहेच, कॅनडाला नुसतं रिलीव्हिंग लेटर चालत नाही. लेटरहेडवर पद, तारखा, पगार, आठवड्याचे तास आणि रोज काय काम करत होता याची यादी लागते. त्या कंपनीतली वर्षं अर्जातून वगळावीत, असंही एकानं सुचवलं. पण गेल्या दहा वर्षांचा सगळा इतिहास लिहावाच लागतो. शिवाय तिशीनंतर वयाचे गुण दरवर्षी घटत जातात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ते शून्यावर येतात. मी अडतीस वर्षांचा आहे. अनुभवाची पाच वर्षं सोडली तर हाती काय उरतं? मारतहळ्ळी पुलाखालच्या एका एजंटानं सरळ सांगितलं, लेटरहेड बनवून देतो. खोटी माहिती सापडली तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं. पण भीती बाजूला ठेवली, तरी खऱ्या कामासाठी खोटा कागद मी का आणू?

गंमत नाही, खरंच मनाला लागतं असं एक सांगतो. पोलिसांचा दाखला काढायला मी इथल्याच पासपोर्ट सेवा केंद्रात गेलो. घरी हवालदार आला, शेजाऱ्यांना विचारून गेला, आणि दाखला आला. ज्यांनी मला कधी पाहिलंही नव्हतं, त्यांनी माझ्यावर गुन्हा नसल्याचं लिहून दिलं. पीएफच्या पासबुकात दर महिन्याची रक्कम कंपनीच्या नावासकट आहे. आयकराच्या 26एएसमध्ये कापलेला कर आहे. म्हणजे सरकारला माहीत आहे की मी तिथे होतो. मी तिथे काय करत होतो, तेवढंच कुणी लिहून देत नाही.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या सेवापुस्तकात प्रत्येक बदली, प्रत्येक वेतनवाढ, प्रत्येक रजा लिहिलेली होती आणि ते पुस्तक वेळोवेळी त्यांना दाखवून त्यांची सही घेतली जात असे. माझी आई दुधाचे खाडे कालनिर्णयवर मांडायची, आणि दूधवाला त्याच्या वहीत. महिनाअखेरीस दोघं मिळून ताडून बघायचे. हिशेब दोन्हीकडे असायचा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई सोसायटी सोडून गेल्या, तेव्हा नव्या घरच्या बाईंचा फोन आला आणि बायकोनं अर्धा तास त्यांच्या कामाबद्दल सांगितलं. त्याआधी ताईंशी पगारावरून तिचा खटका उडाला होता. तो तिनं मध्ये आणला नाही.

आणि माझे मोठे काका. लालबागला गिरणीत, आधी बदली कामगार, मग कायम. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांबरोबर तेही बाहेर पडले. गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. कित्येक वर्षांनी म्हाडाची घरं निघाली. 1 जानेवारी 1982 ला पटावर असल्याचं दाखवा, असं सांगितलं गेलं. कुणाला विचारणार? गिरणीच्या जागी टॉवर उभा. कामगार लाल पास, तिकीट नंबर, ईएसआयसीचं कार्ड, पीएफची चिठ्ठी शोधत गावोगाव फिरले. काकांचा लाल पास काकूनं रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवला होता, म्हणून ते निदान अर्जदार तरी झाले. चाळीतले दोघे असे होते, ज्यांनी वीस वर्षं कापूस पिंजला आणि ज्यांच्याकडे एकही चिठ्ठी नव्हती. लहानपणी मला वाटायचं, असं गिरणीवाल्यांचंच होतं, शिकलेल्यांचं नाही.

कायद्याचं थोडक्यात लिहितो, त्यावर मंडळातल्या एखाद्या वकिलानं सविस्तर लिहावं. 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखाली (तो 2025 मध्ये रद्द झाला) जे नमुना आदेश होते, त्यांत नोकरी संपताना सेवेचा दाखला देण्याची तरतूद होती. कर्नाटकानं आयटीला या कायद्यातून 2014 मध्ये पाच वर्षांसाठी सूट दिली, 2019 मध्ये ती वाढवली, 2024 मध्ये पुन्हा वाढवली. केआयटीयू ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना त्याविरुद्ध बोलत आली आहे. आपल्यातले किती जण तिच्या सभेला गेले? मीही गेलो नाही. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला कामाचं लेखी प्रमाणपत्र मिळणं हा कायद्यानं दिलेला हक्क आहे. तिथे त्यासाठी कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही.

आता त्या मानेबद्दल.

कंपनी पत्र देत नसेल तर कारण लिहून, पगारपत्रकं, नेमणुकीचं पत्र जोडून, सोबत काम केलेल्याचं प्रतिज्ञापत्र देता येतं. माझ्याकडे 63 पगारपत्रकं आहेत. सहकारी हवा होता. साडेतीन वर्षं माझ्या डाव्या हाताच्या खुर्चीवर बसलेला माणूस आपल्या मंडळात आहे. नाव लिहीत नाही, लिहिणारही नाही. त्याच्या डब्यातली थालीपीठं मी खाल्ली आहेत. त्याच्या मुलाच्या मुंजीला आम्ही सहकुटुंब गेलो होतो. प्रॉडक्शन बंद पडलं की आम्ही दोघं रात्री दोन वाजता त्या सहाव्या मजल्यावर मॅगी करायचो. मी त्याला म्हटलं, एवढंच लिही की हा माझ्या शेजारी बसायचा आणि टेस्टिंगच्या टीमचं काम बघायचा. शिफारस नको. भांडणात माझी बाजू घेऊ नकोस. जे डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच लिही.

तो म्हणाला, "माझं अजून तिथेच चालू आहे रे. कळलं तर?" मग तो फोन उचलेनासा झाला. आणि कोजागिरीला 'माशाशी वैर करू नये' यावर त्यानंही मान हलवली.

आपण परमुलखात एकत्र का येतो? एक मे साजरा करतो, लेझीम बसवतो, पोरांना मराठी श्लोक पाठ करायला लावतो, ढोलपथकाच्या सरावासाठी शनिवार-रविवार घालवतो. हे सगळं हवंच. पण इथे आपल्या माणसाला एका खऱ्या वाक्याची गरज पडली आणि ते लिहायला एकही हात पुढे येत नसेल, तर त्या लेझमीच्या आवाजात मला उभं राहवत नाही. कुणी अडचणीत असला की आपण त्याला आधी शहाणपण शिकवतो. वैर करू नकोस, नमतं घे, साहेबांना भेट. नमतं मी घेतलंच होतं, पैसे भरून. मुलांना आपण सांगतो, खरं बोलावं. मग ती मुलं गच्चीवर उभी राहून आपल्याला पाहतात.

हे लिहिताना आवाज चढला. त्या मित्राचं घराचं कर्ज अजून अकरा वर्षं आहे, आईचं डायलिसिस सुरू आहे, आणि त्याच्या टीममधले चौघे याच वर्षी कमी झाले. त्याची भीती खोटी नाही. त्या ज्येष्ठांनीही पस्तीस वर्षं एकाच कारखान्यात काढली, त्यांना माझ्या काळजीपोटीच तसं बोलावंसं वाटलं असेल. मी त्यांची माफी मागतो. आणि मला आणखी एका व्यक्तीची माफी मागायची आहे.

2019 मध्ये माझ्या टीममधल्या एका मुलीला कमी केलं. ऑस्ट्रेलियाच्या अर्जासाठी तिला कामाचं वर्णन हवं होतं. एचआरनं नुसत्या तारखांचं पत्र दिलं होतं. लीड म्हणून मी स्वतःच्या नावानं प्रतिज्ञापत्र द्यावं, अशी तिची विनंती होती. मी म्हणालो, "हे पॉलिसीत बसत नाही, तू एचआरशीच बोल." दोन ओळींचा मेल होता तो. त्या वेळी मला त्यात वावगं वाटलं नाही. माझंही कर्ज होतं.

माझ्यासाठी शेवटी हुबळीच्या एका सहकाऱ्यानं सही केली. तो माझ्याआधी वर्षभर बाहेर पडला होता, त्यामुळे 2020 पर्यंतचीच खात्री देतो म्हणाला, आणि ते त्यानं तसंच लिहायला लावलं. त्या काळात आपण तिथे होतो हे दाखवायला स्वतःच्या रिलीव्हिंग लेटरची प्रत घेऊन आला. नोटरीच्या दुकानाबाहेर अर्धा तास उभा राहिला. चहाचे पैसेही त्यानंच दिले. अर्ज गेला आहे. निकाल यायचा आहे. मुलीला मी ती सगळी फाइल दाखवली. पहिल्या पगारपत्रकावरची तारीख तिनं मोठ्यानं वाचली आणि मग विचारलं, "तेव्हा मी होते?" तेव्हा ती नव्हती, पण वाटेत होती.

गेल्या शनिवारी मी त्या टीममधल्या मुलीचा नंबर शोधून काढला. ती आता पुण्यात असते. ऑस्ट्रेलियाचा अर्ज तेव्हाच सोडून दिला, म्हणाली. मी विचारलं, ते पत्र आता लिहून देऊ का? ती थोडा वेळ गप्प राहिली. "आता उपयोग नाही सर, पण पाठवा." रात्री लिहायला बसलो. तिची कामं आठवत गेलो. चौदा महिने ती रात्रपाळीत एकटी रिलीज सांभाळत होती. ते सगळ्यात वर लिहिलं.