तान्हं लेकरू घेऊन हॉटेलात जेवायला जाणं अजूनही अवघड का? ‘हिरकणी कक्ष’ नेमका कुठे संपतो?

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की अमरावती आणि अकोल्याच्या बाजारात गर्दी वाढते. पुण्या-मुंबईहून माहेरी आलेल्या लेकी असतात, अकोट, तेल्हारा, दर्यापूर, अंजनगावहून दिवसभराच्या खरेदीला आलेली कुटुंबं असतात. अंबादेवीचं किंवा शेगावचं दर्शन करून चिखलदऱ्याकडे निघालेल्या गाड्याही असतात. दुपारी यातले बहुतेक जण एखाद्या हॉटेलात जेवतात. सोबत सहा-आठ महिन्यांचं लेकरू असेल, तर मेन्यू कार्ड हातात येण्याआधीच तीन प्रश्न उभे राहतात. बाळाला पाजायचं कुठे, डायपर बदलायचा कुठे आणि बाळ खाणार काय?

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर बऱ्याचदा एकच असतं, ते म्हणजे बाहेर उन्हात उभी केलेली गाडी. ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांच्यासाठी तेही नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे लक्षात घेतलं की त्या उत्तराचा अर्थ कळतो.

गेल्या काही वर्षांत या विषयावर सरकारी सल्ले निघाले, न्यायालयाचे निकाल आले. तरी हॉटेलातल्या टेबलापर्यंत त्यातलं फारसं काही पोहोचलेलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटलं?

सार्वजनिक ठिकाणी स्तनपान कक्ष आणि बालसंगोपनाची सोय असावी, अशी मागणी करणारी याचिका ‘मातृस्पर्श’ या उपक्रमाने सर्वोच्च न्यायालयात केली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने त्यावर निकाल दिला. स्तनपान हा बाळाच्या जगण्याच्या आणि आरोग्याच्या हक्काचा भाग आहे आणि आईच्या प्रजनन प्रक्रियेचाही भाग आहे, असं न्यायालयाने त्यात नोंदवलं. सार्वजनिक ठिकाणी किंवा कामाच्या जागी बाळाला पाजणाऱ्या आईकडे हिणवून पाहिलं जाऊ नये, यासाठी नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांची, म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद ५१अ(ई)ची आठवणही करून दिली.

केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्येच राज्यांना या सोयींबाबत सल्ला पाठवला होता. न्यायालयाने तो पुन्हा स्मरणपत्रासह पाठवायला सांगितलं. नव्या सार्वजनिक इमारती उभारताना अशा कक्षांसाठी जागा राखून ठेवावी आणि जुन्या इमारतींमध्ये शक्य तिथे सोय करावी, अशी अपेक्षा व्यक्त केली.

निकाल महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. पण त्यात भाषा ‘सार्वजनिक इमारतीं’ची आहे. बस स्थानक, सरकारी कार्यालय, रुग्णालय यांचा त्यात समावेश होतो. राजकमल चौकातलं किंवा टिळक रोडवरचं खासगी हॉटेल या आदेशात थेट येत नाही.

हिरकणी कक्षाचं काय?

महाराष्ट्रात ही संकल्पना नवी नाही. एसटी स्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांमध्ये ‘हिरकणी कक्ष’ ही पाटी सुप्रीम कोर्टाच्या निकालाच्या कितीतरी आधीपासून दिसते. घरी राहिलेल्या तान्ह्या बाळासाठी रात्री रायगडाचा कडा उतरून गेलेल्या गवळणीच्या आख्यायिकेवरून हे नाव आलं. (एसटीच्या निमआराम गाडीलाही हेच नाव आहे, त्यामुळे स्थानकावर ‘हिरकणी कुठे आहे?’ असं विचारलं तर उत्तर फलाट क्रमांकाचंही मिळू शकतं.)

पाटी लावणं आणि कक्ष वापरण्याजोगा ठेवणं यात मात्र मोठं अंतर आहे. याचं सर्वात ठळक उदाहरण थेट विधिमंडळातलं आहे. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन आल्या. त्यानंतर विधान भवनात हिरकणी कक्षाची चर्चा सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात त्या पुन्हा बाळासह आल्या, तेव्हा कक्षात धूळ आहे आणि सोयी नाहीत, अशी तक्रार त्यांनी माध्यमांसमोर केली. राज्याचे कायदे जिथे होतात, तिथल्या कक्षाची ही गत होती. तालुक्याच्या स्थानकावरच्या कक्षाला कुलूप दिसलं तर आश्चर्य वाटायचं कारण नाही.

हॉटेलवाला आईला अडवू शकतो का?

बाळाला सार्वजनिक ठिकाणी पाजणं हा भारतात गुन्हा नाही. ते अश्लीलही नाही. २०१८ मध्ये ‘गृहलक्ष्मी’ या मल्याळम नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर बाळाला पाजणाऱ्या स्त्रीचं छायाचित्र छापलं गेलं आणि प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाला त्यात अश्लील काही आढळलं नाही. छापील मुखपृष्ठ अश्लील ठरत नसेल, तर हॉटेलच्या कोपऱ्यात ओढणी घेऊन बसलेली आई ठरण्याचा प्रश्नच येत नाही.

पण गुन्हा नसणं म्हणजे संरक्षण असणं नव्हे. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यानुसार बाळाला पाजणाऱ्या बाईला कॅफेतून उठायला सांगणं बेकायदा आहे. स्कॉटलंडने २००५ मध्येच दोन वर्षांखालच्या बाळाला सार्वजनिक ठिकाणी दूध पाजण्यापासून रोखणं हा गुन्हा ठरवला. भारतात इतकं स्पष्ट लिहिलेलं कलम नाही. म्हणूनच २०१८ मध्ये कोलकात्यातल्या एका मॉलमध्ये बाळाला पाजायला जागा विचारणाऱ्या आईला स्वच्छतागृहाकडे बोट दाखवलं गेलं, तेव्हा मॉलवर टीकेची झोड उठली. पण कायद्याचं बोट धरून जाब विचारायला फारसं काही हाती नव्हतं.

तरी संविधानात एक धागा आहे. अनुच्छेद १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलांचा नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणालाही तिथे जाण्यापासून रोखता येत नाही. हे कलम मुख्यतः अस्पृश्यतेच्या अनुभवातून आलं. पण ‘हॉटेल खासगी आहे, तिथे आमचे नियम’ हा युक्तिवाद या देशात अमर्याद चालत नाही, हे त्यातून संविधान लागू झालं तेव्हापासूनच ठरलेलं आहे. त्यापुढचं १५(३) स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष तरतुदी करण्याची मुभा सरकारला देतं. हॉटेलांसाठी नियम करायचा ठरवला, तर त्याला आधार आहे. ठरवलेलं मात्र अजून नाही.

‘फॅमिली रूम’ गेली कुठे?

इथे वऱ्हाडातल्या, खरं तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही मध्यम शहरातल्या जुन्या हॉटेलांचा विचार करायला हवा. पुढे बाकडी आणि टेबलं, मागे किंवा माडीवर ‘फॅमिली रूम’. लाकडी फळ्यांचे छोटे कप्पे आणि त्यांना पडदे. ही सोय बाळंतिणीसाठी केलेली नव्हती. बायकांनी पुरुषांच्या नजरेआड जेवावं, या समजुतीतून ती आली होती आणि तिच्यात जुनाट काही होतं, हे मान्यच. पण त्या पडद्यामागे किती लेकरं पाजली गेली असतील, याची मोजदाद नाही. कुणी न ठरवता तो हिरकणी कक्ष झाला होता.

नव्या हॉटेलांनी हे कप्पे काढले. त्या जागी मोठा वातानुकूलित हॉल आला, काचेच्या भिंती आल्या, सेल्फीसाठी रंगवलेला कोपरा आला. दुसरीकडे, पडद्याचे कप्पे असलेल्या कॅफेंवर राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी कारवाया केल्या, त्यामुळे पडदा लावणंच संशयाचं ठरलं. बायका आता सगळ्यांसोबत हॉलमध्ये बसून जेवतात, हा बदल चांगलाच आहे. फक्त तान्ह्या बाळाच्या आईचा आडोसा त्यात गेला आणि त्याच्या जागी काय द्यायचं, हा विचार हॉलचा नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यात आला नाही.

परवान्याच्या बाजूनेही कुणी तो विचारत नाही. अन्नसुरक्षा परवान्यात भर असतो तो स्वयंपाकघराची स्वच्छता, पाणी, साठवण, कामगारांचं आरोग्य यांवर. बाळासाठी उंच खुर्ची आहे का, डायपर बदलायला फळी आहे का, हे त्या तपासणीचे प्रश्न नाहीत. आणि जिथे फळी असते, तिथेही ती बहुधा फक्त बायकांच्या स्वच्छतागृहात असते, जणू बाबाला हे काम येतच नाही.

एवढ्याने बिघडतं काय?

एक वेळचं जेवण बाहेर नाही घेतलं, तर काय झालं, असं कुणी म्हणेल. पण अडचण जेवणापुरती राहत नाही. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत किंवा त्यानंतरही ते चालू ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशात सहा महिन्यांखालच्या ६३.७ टक्के बाळांना केवळ स्तनपान मिळत असल्याचं दिसलं. म्हणजे तीनातल्या एकाहून अधिक बाळांच्या पोटात त्याआधीच दुसरं काहीतरी जातं.

तान्हं बाळ दर दोन-तीन तासांनी दूध मागतं. अकोट ते अकोला प्रवास, बाजार, जेवण आणि परतीची वाट यात सहा-सात तास सहज जातात. जागा मिळणार नाही हे माहीत असेल, तर आई घरूनच बाटली घेते. उन्हात ती बाटली किती वेळ चांगली राहते आणि वाटेत कुठे धुतली जाते, हा वेगळाच धोका. मग ‘ऊन आहे, थोडं पाणी पाज’ हा सल्ला सुरू होतो. कडक उन्हाळ्यातही सहा महिन्यांखालच्या बाळाला वेगळं पाणी लागत नाही, अधिक वेळा आईचं दूध लागतं. नेमकं तेच अशा दिवशी मिळत नाही. ज्या अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटाच्या निमित्ताने बालपोषणाची चर्चा राज्यभर होते, त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात ही अवस्था आहे.

बाळाला ताटात काय द्यायचं?

सहा महिने ओलांडलेल्या बाळाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला वरून मीठ, साखर घालू नये आणि मध तर अजिबात देऊ नये, एवढं पाळलं तर मऊ भात, वरण, कुस्करलेलं केळं, दही हे सगळं चालतं. गंमत अशी की वऱ्हाडी जेवणात रोडग्यांसोबत साधं वरण हक्काचं असतं, पण मोठ्या हॉटेलच्या कार्डावर ‘दाल तडका’ आणि ‘दाल फ्राय’ एवढंच उरलं आहे. त्यामुळे बाळासोबत जेवायला चकचकीत रेस्टॉरंटपेक्षा साधं थाळीचं भोजनालय बरं पडतं. तिथे फोडणी आणि मीठ पडण्याआधीची वाटीभर डाळ बाजूला काढून मागता येते. गिला वडा मोठ्यांनी खावा. वरचं दही चमचाभर बाळाला द्यायचं, तर त्यात साखर घातली आहे का, हे आधी विचारावं.

उपाय कुठे दिसतो?

खासगी हॉटेलांपर्यंत पोहोचणारं एक सरकारी धोरण आहे, पण ते शहरातलं नाही, महामार्गावरचं आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘हमसफर’ धोरण आणलं. राष्ट्रीय महामार्गांवरचे ढाबे, उपाहारगृहं, पेट्रोल पंप यांना त्यात नोंदणी करता येते आणि स्वच्छ शौचालय, व्हीलचेअर यांसोबत बाळाच्या देखभालीसाठी खोली हाही अपेक्षित सोयींचा भाग आहे. अमरावती-अकोला पट्ट्यातल्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. त्या रस्त्याच्या कडेच्या ढाब्यावर एक खुर्ची, एक पडदा आणि एक फळी बसवायला त्याहून कमी वेळ लागेल.

नोंदणी, दर्जाची तपासणी आणि प्रवाशांचं मूल्यांकन ही ‘हमसफर’ची पद्धत महापालिकांनाही वापरता येण्यासारखी आहे. सक्ती करण्याआधी निदान कुठल्या हॉटेलात सोय आहे याची यादी तरी तयार होईल. तोवर कुटुंबांच्या हाती उरतं ते निघण्याआधी फोन करून विचारणं आणि दुपारी तीननंतरची कमी गर्दीची वेळ गाठणं. चिखलदऱ्याला जाणारे बाळाचं पाजणं आणि डायपर परतवाड्यातच उरकून घेतात, कारण तिथून पुढे घाट लागतो.