मुलींच्या खेळाला हंगाम हवा

हुलसूरच्या माणसाला बर्फ ठाऊक आहे तो लाकडाच्या भुशात गुंडाळून आणलेल्या लादीचा. उन्हाळ्यात रसाच्या गाड्यावर ती फोडली जाते आणि पोरे चार खडे मागून घेतात. अशा गावाच्या निमित्ताने बर्फावरच्या हॉकीची गोष्ट काढली तर वाचक हसतील, हे आम्ही जाणून आहो. परंतु भालकी आणि बसवकल्याण यांच्यामधल्या या सरहद्दीच्या गावात, मराठी आणि कानडी दोन्ही सहज बोलणाऱ्या मुली खो-खो खेळताना पाहिल्या, तेव्हा मनात एक प्रश्न उभा राहिला. आणि त्याचे उत्तर आम्हांला बर्फावरच सापडले.

प्रश्न साधा आहे. दहावीपर्यंत वाऱ्यासारख्या पळणाऱ्या या मुली कॉलेजात गेल्या की कोठे नाहीशा होतात? 'घरचे सोडत नाहीत' असे म्हणून आपण मोकळे होतो. त्यात तथ्य नाही असे नाही. पण ते सारे सत्य नव्हे. शाळेत खेळाचा तास तरी असतो. कॉलेजात बहुधा वर्षातून एक स्पर्धा असते. पत्र येते, घाईघाईने बारा जणी गोळा केल्या जातात, पहिल्याच सामन्यात हार होते आणि दुपारच्या गाडीने मंडळी परत येतात. झाला वर्षाचा खेळ! एवढ्यासाठी वडिलांशी वाद कोण घालणार?

शेती असलेल्या घरांना हंगाम म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पेरणी, खुरपणी, राखण आणि मग रास. एका दिवसात ज्वारी येत नाही, आणि एक पाऊस चुकला म्हणून कोणी शेत विकीत नाही. खेळाचेही तसेच आहे. आज हरलेल्या संघाला पुढच्या आठवड्यात पुन्हा उभे राहता आले पाहिजे. स्पर्धा निकाल लावते. खेळाडू घडतो तो हंगामात.

अमेरिकेतल्या मुलींचे उदाहरण पाहा. तेथे १९७२ साली कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगे आणि मुली असा भेद करता येणार नाही. तो खेळांनाही लागू झाला. हळूहळू कॉलेजांतून मुलींचे बर्फावरच्या हॉकीचे संघ उभे राहिले. त्यांचा हंगाम शरद ऋतूत सुरू होतो आणि मार्चमध्ये संपतो; मोठ्या कॉलेजांचे संघ त्यात तीस-पस्तीस सामने खेळतात. १९९८ साली नागानोच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ स्त्रियांसाठी प्रथमच आला आणि पहिले सुवर्णपदक अमेरिकेच्या मुलींनी कॅनडाला हरवून मिळविले. ते पदक एका दिवसाचे नव्हते. त्यामागे कित्येक हिवाळे होते.

'ते श्रीमंतांचे देश' असे कोणी म्हणेल. मग आपल्याच देशातल्या लडाखकडे वळू. लेहला तळी गोठतात ती जेमतेम दोन महिने. तेवढाच त्या मुलींचा हंगाम. मागून आणलेले बूट आणि वापरलेली काठी घेऊन त्या खेळल्या. २०१६ साली भारताच्या मुलींचा पहिला संघ तैवानला गेला. प्रवासखर्चासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. तेथे हार पदरी आली. पण पुढच्या हिवाळ्यात तळे पुन्हा गोठले आणि मुली पुन्हा उतरल्या. २०१७ साली बँकॉक येथे त्यांनी फिलिपिन्सला ४-३ असे हरविले. हा त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. २०२५ साली अल ऐन येथे आशिया चषकात त्यांनी ब्राँझपदक मिळविले. त्या संघात बहुतेक मुली लडाखच्या, काही हिमाचलच्या.

आता याची दुसरी बाजू. डेहराडूनला २०११ साली दक्षिण आशियाई स्पर्धेसाठी बर्फाचे मोठे बंदिस्त मैदान बांधले गेले. स्पर्धा झाली आणि मग ती इमारत वर्षानुवर्षे बंद पडून राहिली. ती पुन्हा उघडली २०२५ साली. तळ्याला छप्पर नव्हते, पण हंगाम होता. येथे छप्पर होते, हंगाम नव्हता. 'आधी स्टेडियम द्या, मग मुलींना खेळवू' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे तर बर्फाचीही गरज नाही. खो-खोला काळी माती आणि दोन खांब पुरतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे नमविले. कर्णधार प्रियंका इंगळे महाराष्ट्राची आणि त्याच संघात चैत्रा कर्नाटकाची. सरहद्दीचा वाद त्या मैदानावर कोणाला आठवला नसेल.

म्हणून आमची सूचना अशी. हुलसूर, भालकी, बसवकल्याण आणि हुमनाबाद ही इकडची चार गावे. निलंगा आणि उमरगा ही पलीकडची दोन. या सहा गावांतल्या कॉलेजांच्या मुलींनी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत दर रविवारी खेळावे. प्रत्येक संघाने इतर पाचांशी दोनदा, एकदा आपल्या गावी आणि एकदा त्यांच्या गावी. म्हणजे प्रत्येकीला दहा सामने. खर्चाची सबब फारशी उरत नाही. कर्नाटकाने जून २०२३ मध्ये आपल्या राज्यातील स्त्रियांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत केला; महाराष्ट्राने त्याच वर्षी मार्चमध्ये एस.टी.चे भाडे स्त्रियांना निम्मे केले. राहिली दुपारची भाकरी. ती यजमान गावाने घालावी. पाहुणीला उपाशी पाठविण्याची रीत या भागात नाही.

आणि आता थोडे आपल्या जुन्या घरांविषयी. आपण मुलींना शिकविले, गाणे शिकविले, परगावी नोकरीला पाठविले. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण अठरा वर्षांची मुलगी गुडघे फोडून घरी आली की आजही आपल्या कपाळाला आठी पडते. सामना हरून आलेल्या मुलाला आपण 'पुढच्या वेळी पाहू' म्हणतो. मुलीला 'पुरे झाले आता' म्हणतो. त्या दोन वाक्यांत फार अंतर आहे. तिलाही 'पुढच्या रविवारी पाहू' असे म्हणता यावे, यासाठी आधी पुढच्या रविवारी सामना असावा लागतो.

तो ठरविणे प्राचार्यांच्या आणि पालकांच्या हाती आहे. येत्या दसऱ्याला सहा गावांतली चार शहाणी माणसे एकत्र बसली, तर एका कागदावर सगळ्या तारखा मांडता येतील. तो कागद कॉलेजच्या फळ्यावर लागू द्या. मुली आपोआप मैदानात येतील.