'आलो' म्हणजे 'आय केम' नव्हे

पेडणे असो वा डिचोली, आईने जेवायला हाक मारली की मूल खेळता खेळता ओरडते, 'आलो, आलो!' अजून पाऊलही उचललेले नसते, तरी क्रियापद भूतकाळी. इंग्रजीत याला 'आय ॲम कमिंग' लागते. 'आय केम' लिहिले की आम्ही शिक्षक लाल रेघ ओढतो. 'डिड यू वेंट?' हीही तशीच गोष्ट. 'गेलास का?' यात काळ क्रियापदच सांगते. इंग्रजीत तो भार 'डिड' उचलते, म्हणून पुढे नुसते 'गो'. मराठीतून सांगितले तर हे मुलांना चटकन उमगते. (आम्हाला मात्र फार उशिरा उमगले.) इंग्रजीच्या तासाला मराठी बंद, हा हट्ट आम्हाला पटत नाही. पालकांनीही चूक दाखवण्याआधी विचारावे, 'हे मराठीत कसे म्हणशील?'