फ्रिजला नळ जोडताना...

दारातून गार पाणी, ग्लासात खडखड पडणारे बर्फाचे क्यूब्ज! साइड बाय साइड फ्रिजचा मोह मलाही कळतो. पण ईएमआयचा फॉर्म भरण्याआधी जरा गच्चीवरची टाकी बघा. या फ्रिजना साधारण २० पीएसआय तरी प्रेशर लागतं (नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो), आणि टाकीतलं पाणी १० मीटर खाली आलं की मिळतं जेमतेम १४. म्हणजे वरच्या मजलेवाल्यांनो, बूस्टर पंपाशिवाय आइसमेकर रुसणारच!

प्लंबरला मी तीनच गोष्टी सांगते. पाव इंची नळीला वेगळा कॉक हवा, फ्रिज पुढे ओढता येईल इतकी नळी सैल हवी, आणि फ्रिज मागे ढकलण्याआधी प्रत्येक जॉइंट कोरडा आहे ना, ते बघायचं. फ्रिजमागची टिपटिप आपल्याला दिसत नाही, खालच्या काकूंच्या सीलिंगला दिसते.

आणि हो, आतला कार्बन फिल्टर क्लोरीनचा वास घालवतो, बोअरचा खारटपणा नाही. तोही साधारण सहा महिन्यांनी बदलायचा.

भाड्याने राहताय? मग हाताने भरायच्या टाकीचं मॉडेल घ्या. अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर राहणाऱ्यांनी पाइपलाइनशी लग्न कशाला लावायचं?