पंखा कितीचा, राव?

ऑफिसात सांगून बघा, शिडाच्या बोटीला नवा प्रोपेलर घ्यायचाय म्हणून. हमखास कुणीतरी विचारणार, 'शीड आहे ना? मग इंजिन कशाला?' या प्रश्नाचं उत्तर मुंबई बंदरात संध्याकाळी मिळतं. दुपारचा वायव्येचा वारा गपकन पडलेला, उधाणाची ओहोटी बोटीला बाहेर खेचतेय, समोरून मांडव्याची कॅटामरान येतेय आणि गेटवेजवळचं आपलं मुरिंग अजून अर्धा मैल लांब! तेव्हा सगळी भिस्त पाण्याखालच्या त्या ब्राँझच्या पंख्यावर.

आम्ही चौघांनी मिळून २६ फुटी सेकंडहँड बोट घेतलीय (फ्लॅटचं नंतर बघू!). आत १८ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, २:१ चा गिअरबॉक्स. आधीच्या मालकाने बसवलेला पंखा १३ x ११. फुल्ल थ्रॉटल दिला की इंजिन ३००० आरपीएमवर अडकतं आणि मागून काळा धूर. पुस्तकात मात्र लिहिलंय ३६००. लोक म्हणाले, इंजिन म्हातारं झालं, उतरवा. त्याचा खर्च ऐकून आमच्यातला एकजण लग्न पुढे ढकलायच्या गोष्टी करायला लागला.

पण आधी पंख्याकडे बघू या ना! १३ म्हणजे व्यास, इंचात. ११ म्हणजे पिच. पाण्याऐवजी लोणी असतं, तर एका फेऱ्यात पंखा स्क्रूसारखा किती इंच पुढे घुसला असता, तो आकडा. आमचं इंजिन जास्त पिचमुळे दमत होतं, चौथ्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या बाईकसारखं. उलट पिच फारच कमी ठेवला तर इंजिन नुसतं भुर्रर्र करत ३६०० च्याही वर पळतं आणि बोट जागेवरच.

मग नेमका किती हवा? हिशेब एका पेपर नॅपकिनवर मावतो. बोटीचा पाण्याला टेकलेला भाग २२ फूट. २२ चं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा: सव्वासहा नॉट. असल्या बोटीचा हा जवळजवळ कमाल वेग, त्यापुढे कितीही डिझेल जाळा, नुसत्या लाटा उठतात. आपण ६ नॉट धरू, म्हणजे मिनिटाला साधारण ७३०० इंच. इंजिन ३६००, गिअरबॉक्स अर्धे करतो, म्हणून पंख्याचे फेरे १८००. भागाकार चार इंचांच्या किंचित वर. पण पाणी म्हणजे लोणी नव्हे. शिडाच्या जड बोटीत जवळपास निम्मी ढकल घसरण्यात जाते. म्हणून दुप्पट करा. आठ!

ढोबळ नियमही तेच सांगतो: एक इंच पिच कमी केला की इंजिन साधारण २०० आरपीएम वर चढतं. आम्हाला ६०० कमी पडत होते. अकरातून तीन गेले, पुन्हा आठच. मात्र बोटीचा तळ आणि पंखा खरवडून स्वच्छ केल्यावर, वारा नसताना, शांत पाण्यात टेस्ट घ्या. आपल्या कोमट पाण्यात बार्नॅकल इतके भराभर चिकटतात, की चांगला पंखाही नापास होतो. आरपीएमचा काटा खरं बोलतोय का, तेही तपासा. एखाद-दोन इंच पिच वर्कशॉपमध्ये बदलून मिळतो, तीन इंच म्हणजे नवाच घ्या.

इथे आमचं भांडण सुरू झालं. एकाला फोल्डिंग हवाय: शीड उभारलं की पाती कळीसारखी मिटतात आणि पाण्याचा अडथळा कमी होतो. खरंय! तीन पात्यांचा फिक्स्ड पंखा हलक्या वाऱ्यात अर्धा-पाऊण नॉट सहज खातो. पण फोल्डिंगची किंमत कितीतरी पट, आणि दोन पात्यांच्या जुन्या धाटणीच्या फोल्डिंगचा रिव्हर्स म्हणजे देवावर हवाला. तिसरा प्रकार फेदरिंग. त्याची पाती वळून प्रवाहाला धार दाखवतात आणि रिव्हर्सही झकास, फक्त ग्रीस भरायला विसरायचं नाही. आणि पाकीट तपासायचं.

माझं मत फिक्स्डला. रविवारी रेसला उतरणारे असाल तर बेलाशक फोल्डिंग घ्या, पण आम्ही मांडव्याला जाऊन मासे खाणारी माणसं. दोन नॉटच्या ओहोटीत बोट साडेतीनने जात असेल तर किनाऱ्याच्या हिशेबात उरतात दीड नॉट, म्हणजे मरीन ड्राइव्हवरच्या आजीही पुढे निघून जातील! तिथे मला ढकल हवीय आणि फेरी अंगावर आली तर खात्रीचा ब्रेक. शिवाय बंदरात तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि तुटकी जाळी बघता, जितके सांधे कमी तितकं बरं.

ऑर्डर देण्याआधी एवढं मोजा: शाफ्टचा टेपर, पंखा उजव्या हाताचा की डाव्या, आणि पात्याचं टोक ते तळ यातलं अंतर, जे व्यासाच्या निदान दहा टक्के हवं. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर असते तेव्हाच हे उरकतं. आमची मतमोजणी सध्या दोन विरुद्ध दोन आहे आणि फोल्डिंगवाल्याने कॅटलॉग लॅमिनेट करून आणलाय.