भावाआधीचा प्रश्न

जुन्या पेठेतल्या दुकानांत ‘भाव एकच’ अशी पाटी असायची. आई त्या दुकानात निर्धास्त जायची. घासाघीस करायची नाही, म्हणजे शेजारणीने हेच पातळ कितीला घेतलं ही रुखरुखही नाही. क्रूझच्या धंद्यात अशी पाटी 2004 साली लागली. ती कुणी लावली, का लावली आणि त्यातून कुणाचं भलं झालं, हे समजून घ्यायला मला आई-बाबांच्या एका मोडलेल्या सहलीची किंमत मोजावी लागली.

आई-बाबांच्या लग्नाला 2023 साली पन्नास वर्षं झाली. ते उन्हाळ्यात दादाकडे एडिसनला, न्यू जर्सीत, जाणारच होते. त्यांना सिएटलहून अलास्काची सात रात्रींची क्रूझ भेट द्यायची असं आम्ही भावंडांनी ठरवलं. बुकिंग माझ्याकडे होतं. दादा म्हणाला, “आमच्या कॉलनीत एक काकू आहेत, घरातूनच क्रूझचं बुकिंग करतात. त्यांना विचार.” विचारलं. त्यांचा भाव आणि कंपनीच्या वेबसाइटवरचा भाव सेंटापर्यंत सारखा. मग मी पुण्यात बसून शोधत राहिले. एका मोठ्या ऑनलाइन एजन्सीचा भावही तोच होता, पण प्रवास झाल्यावर 125 डॉलरचं गिफ्ट कार्ड घरपोच मिळणार होतं. मी तिथे बुकिंग केलं. काकूंना “नंतर कळवते” म्हटलं आणि कळवलं नाही.

सगळीकडे भाव सारखाच कसा, हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता.

त्याचं उत्तर विमानाच्या तिकिटांत आहे. अमेरिकेत ट्रॅव्हल एजंटाला तिकिटावर साधारण 10 टक्के कमिशन मिळायचं. 1995च्या फेब्रुवारीत डेल्टाने देशांतर्गत परतीच्या तिकिटाला जास्तीत जास्त 50 डॉलर अशी मर्यादा घातली, बाकीच्या कंपन्या मागोमाग आल्या, आणि 2002पर्यंत मूळ कमिशन शून्यावर गेलं. आपल्याकडेही 2008च्या अखेरीस हेच झालं, तेव्हा एजंटांनी केलेला विरोध अनेकांना आठवत असेल. तिकडच्या हजारो एजंटांनी मग पोटापाण्यासाठी जहाजांकडे मोर्चा वळवला. क्रूझ कंपन्यांनाही ते हवेच होते. कुठल्या वयाच्या माणसाला कुठलं जहाज मानवेल हे समोर बसून सांगणारं माणूस नसेल, तर दोन-तीन हजार खाटा दर आठवड्याला भरायच्या कशा?

पण कमिशन मिळालं की त्यातलं थोडं गिऱ्हाइकाला परत करण्याचा मोहही आला. इंटरनेट आलं, मोठाले कॉल सेंटर थाटले गेले. त्यांना खपाच्या जोरावर जास्त टक्के मिळत. त्यातले निम्मे सोडून दिले तरी त्यांचं भागायचं. गल्लीतल्या एजंटाने तासभर बसून गिऱ्हाइकाला जहाज, मजला, केबिन समजावून सांगायची, आणि गिऱ्हाइकाने तो कागद घेऊन घरी जाऊन दुसऱ्याच एजन्सीला फोन लावायचा. 11 सप्टेंबर 2001नंतर भाव कोसळले तेव्हा ही ओढाताण आणखी वाढली. शेवटी 2004मध्ये रॉयल कॅरिबियनने जाहीर केलं की आमच्या भावापेक्षा कमी भावाची जाहिरात करायची नाही आणि कमिशनमधून सूटही द्यायची नाही. पाठोपाठ कार्निव्हलनेही तसाच नियम केला.

  

विकणाऱ्याला सूट द्यायला बंदी, हे कायद्यात कसं बसतं? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1911मध्ये डॉ. माइल्स खटल्यात असं ठरवलं होतं की उत्पादकाने दुकानदारावर किमान भाव लादणं बेकायदाच. हा दंडक 2007मध्ये लीजिन खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी मोडीत निघाला, आणि आता प्रत्येक प्रकरण त्याच्या परिणामांवर तपासलं जातं. पण क्रूझ कंपन्यांना 2007पर्यंत थांबावं लागलं नाही, कारण एजंट हा दुकानदार नसतो. तो केबिन विकत घेऊन ठेवत नाही, रिकामी राहिली तर त्याचं नुकसान नाही. माल कंपनीचा, जोखीम कंपनीची, म्हणून भावही कंपनीचा. हे तत्त्व 1926च्या जनरल इलेक्ट्रिक खटल्यापासून चालत आलेलं आहे.

ग्राहक म्हणून मला याचा राग यायला हवा, आणि आधी आलाही. माझ्या माणसाने स्वतःच्या कमाईतले चार पैसे मला सोडले तर कंपनीच्या पोटात का दुखावं? शिवाय हा नियम काही छोट्या एजंटांच्या प्रेमापोटी आलेला नाही. आपली केबिन स्वस्तात विकली जाते असं लोकांना दिसू नये, ही कंपनीची पहिली काळजी होती. आणि खपाप्रमाणे टक्के वाढवण्याची पद्धत तशीच राहिली. 10 टक्क्यांवर काम करणारी घरगुती एजंट आणि 16 टक्के उचलणारी मोठी एजन्सी यांच्यासमोर भावाचा कागद तेवढा सारखा आला. मोठ्यांनी वाटही काढली. भाव कमी करायचा नाही ना, मग जहाजावर खर्चायचे पैसे खात्यात टाकू, वाइनची बाटली पाठवू, नंतर गिफ्ट कार्ड देऊ. माझे 125 डॉलर याच वाटेने येणार होते.

ते आलेच नाहीत. निघायला पाच आठवडे राहिले असताना वहिनीचा फोन आला. ऑनलाइन चेक-इन करताना तिच्या लक्षात आलं होतं की शेवटच्या रात्री जहाज काही तास कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदरात थांबतं. “अगं, आई-बाबांना कॅनडाचा व्हिसा लागेल.” व्हिक्टोरियाचा थांबा कुणाच्या हौसेखातर नसतो. 1886च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी झेंड्याचं जहाज नुसत्या अमेरिकी बंदरांत प्रवासी फिरवून परत आणू शकत नाही, वाटेत एखादं परकं बंदर घ्यावंच लागतं. ही मोठी जहाजं जवळपास सगळी बहामा, पनामा अशा देशांत नोंदलेली. म्हणजे सिएटलहून अलास्काला जाऊन यायचं तर कॅनडा आलाच, आणि भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा आलाच.

धावाधाव करून अर्ज केला, बोटांचे ठसे दिले. व्हिसा वेळेत येईल अशी चिन्हं दिसेनात, तेव्हा बुकिंग रद्द करावं लागलं. एजन्सीच्या फोनवर चाळीस मिनिटं गाणी ऐकल्यावर एका मुलाने अटींमधलं वाक्य वाचून दाखवलं की प्रवासाची कागदपत्रं ही प्रवाशाची जबाबदारी. अगदी बरोबर होतं ते. पण सहा महिन्यांत त्यांच्यातल्या एकानेही आई-बाबांचं नागरिकत्व विचारलं नव्हतं. दोघांचं भाडं 2200 डॉलर आणि कर-बंदरशुल्क 480. भाड्यातला पाऊण हिस्सा, 1650 डॉलर, कापला गेला. करांचे पैसे परत आले. आई फोनवर एवढंच म्हणाली, “जाऊ दे गं, इथे नातवंडांत आहोतच की आम्ही.” मला त्या रात्री झोप लागली नाही.

पुढच्या महिन्यात मी एडिसनला गेले तेव्हा दादा मला काकूंकडे घेऊन गेला. मला ओशाळल्यासारखं झालं होतं. त्यांनी आधी चहा टाकला, मग चष्मा लावून माझं रद्द झालेलं बिल वाचायला घेतलं आणि पेन्सिलीने एकेका ओळीवर खूण केली.

“हे 2200 आहे ना, यातल्या 380वर कमिशन नसतं,” त्या म्हणाल्या. “भाड्यातच धरलेलं असतं, पण आमच्या हिशेबात नाही. उरले 1820. मला 12 टक्के म्हणजे 218. त्यातले 30 टक्के माझ्या वरच्या एजन्सीला, तिच्या नावावर मी बुकिंग करते. माझ्याकडे 153 राहतात. तेही जहाज निघायच्या सुमारास.”

मी मनात वजाबाकी केली. त्या ऑनलाइन एजन्सीइतके, म्हणजे 125, काकूंनी मला दिले असते तर त्यांच्याकडे 28 डॉलर उरले असते.

त्या 380च्या ओळीवर मला थांबावंसं वाटतं, कारण माझ्या मते खरा अन्याय तिथे आहे. भाडं ठरवणारी कंपनी आणि त्यातलं कमिशनलायक किती हे ठरवणारीही तीच. विकायचं आख्खं भाडं, मोबदला मात्र त्यातल्या काही भागावर. अशा कप्प्यांचा इतिहास चांगला नाही. एकेकाळी ‘बंदरशुल्क’ म्हणून जी रक्कम लावली जायची, त्यातला बराच भाग बंदराला जातच नव्हता, कंपनीच ठेवून घेत होती. फ्लोरिडाच्या ॲटर्नी जनरलने चौकशी केल्यावर 1997मध्ये कंपन्यांनी समझोता केला की जाहिरातीतल्या भावाबाहेर फक्त सरकारी कर आणि शुल्क तेवढं राहील. पुढे 1 जुलै 2024पासून कॅलिफोर्नियाने सक्तीचे सगळे आकार धरूनच भाव दाखवा असा कायदा लागू केला, तेव्हा मोठ्या क्रूझ कंपन्यांनी देशभरच्या जाहिरातींत करांसकट भाव दाखवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकासाठी भाव उघडा झाला. एजंटाच्या बिलातला तो कप्पा बहुतेक ठिकाणी अजून बंदच आहे.

म्हणून ‘भाव एकच’ या नियमाबद्दल माझं मत आता बदललं आहे. हेतू काहीही असो, त्याने काकूंसारख्या बाईला धंद्यात राहू दिलं. भाव सारखा असेल तर कोण काय सांगतं आणि कोण काय विचारतं एवढंच पाहायचं उरतं. कमिशन हे त्या विचारण्याचे पैसे आहेत. ते आपण सूट म्हणून परत मागतो तेव्हा तो प्रश्नच गाळायला सांगत असतो. मी तेच केलं.

आणि स्वस्त पडावं म्हणून एजंटाचं कमिशन मागायची गरजही नसते, हे त्याच संध्याकाळी कळलं. काकूंनी न्यू जर्सीच्याच बेयॉन धक्क्यावरून बर्म्युडाला जाणारी क्रूझ काढली. आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना, हे आधी पासपोर्ट हातात घेऊन पाहिलं. त्यांनी काही केबिन महिन्यांपूर्वीच ग्रुपच्या भावात धरून ठेवल्या होत्या. ग्रुपमध्ये साधारण सोळा प्रवाशांमागे एकाचं भाडं कंपनी सोडते, आणि ते काकू सगळ्यांत वाटून टाकतात. हे कंपनीच्याच नियमात बसतं. शेवटचा हप्ता भरायच्या आधी भाव उतरला तर नव्या भावाने बुकिंग करून मिळतं, पण ते कुणीतरी रोज पाहावं लागतं. काकू पाहत होत्या. एका मंगळवारी सकाळी त्यांनी फोन करून 140 डॉलर कमी करून घेतले. ग्रुपच्या भावापेक्षाही तो भाव खाली आला होता.

जहाजाचा नकाशा त्यांनी जेवणाच्या टेबलावर पसरला होता, ते चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. बोट एका केबिनवर ठेवून म्हणाल्या, “ही स्वस्त आहे, पण बरोबर वर स्वयंपाकघर आहे. पहाटे चारपासून ट्रॉल्या खडखडतात.” बोट मागे सरकलं. “इथे वरही केबिन, खालीही केबिन. लिफ्ट अकरा पावलांवर. बाबांच्या गुडघ्याला हीच बरी.” अकरा पावलं त्यांनी स्वतः त्या जहाजावर मोजली होती. आईचा चतुर्थीचा उपास सफरीत येतो का, हेही त्यांनी पंचांगात पाहिलं. येत होता, आणि जहाजाला तसं आधी कळवलं गेलं.

आई-बाबा सप्टेंबरात बर्म्युडाला जाऊन आले. बाबांनी डेकवर आईचा पाठमोरा फोटो काढला आहे, वाऱ्याने पदर आडवा झालेला. दादाच्या फ्रिजवर तो लावलेला असतो.

अलास्का राहिलंच आहे. गेल्या रविवारी मी काकूंना फोन केला, पुढच्या जुलैचा काय भाव चाललाय विचारायला. त्या म्हणाल्या, “भाव सांगते गं, तो काही पळून जात नाही. कॅनडाचा अर्ज केलात का आधी?”